दुसरी तक्रार

सोमवार, १२ जानेवारी

जावईबुवा आज भर दुपारी आले. ज्या माणसाला रविवारी जेवतानासुद्धा ऑफिसचे फोन येतात, तो सोमवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात. म्हणाले, जवळच काम होतं, म्हटलं डोकावून जावं. आमच्या जवळ आहे काय? एक चष्म्याचं दुकान, एक लाँड्री आणि बंद पडलेली बँकेची शाखा.

चहा झाला. मग फिरत फिरत माझ्या कामाच्या खोलीत आले. खोली तशी लेकीची. लग्नानंतर तिची पुस्तकं वरच्या फळीवर गेली आणि टेबलावर मी आले. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आई, तुमची ही लिफ्टची सिस्टीम नक्की चालते कशी? मला एकदा दाखवाल का?"

लग्नाला सहा वर्षं झाली. "चाललंय ना ठीक?" यापलीकडे या माणसानं माझ्या कामाबद्दल कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, चालते आपली. आणि पडदा बंद केला.

म्हणून ही वही काढली. कामाच्या नोंदी कॉम्प्युटरवर असतात, पण कोणी वाचू नयेत अशा नोंदी कागदावर बऱ्या.

रविवार, १८ जानेवारी

रात्रीच्या जेवणाला दोघं आली होती. बसनं. गाडी विकली म्हणे. लेक म्हणाली, पार्किंगची कटकट, शिवाय ह्याला चालायला हवंय. जावईबुवा मान खाली घालून सूप ढवळत होते. गाडी त्यांची फार लाडकी होती, धुताना कोणाला हात लावू देत नसत. माणूस अशी वस्तू उगाच विकत नाही. भांडवल उभं करायचं असेल तर विकतो. स्वतःचा धंदा, स्वतःची कंपनी. आणि धंदा म्हटला की पहिलं गिऱ्हाईक लागतं.

पुढचं ऐकावं. आमच्या ह्यांनी सहज विषय काढला, की तुमच्या कंपनीत कोणी सोडून गेलं तर त्याचं काम दुसऱ्याला कळतं कसं? ह्यांना बँकेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, शब्दकोडं सोडून कशात रस नाही, आणि एकदम हा प्रश्न. जावईबुवा म्हणाले, "बाबा, नियमच असायला हवा. माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू नये." हे बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम न बघणं मला ओळखू येतं.

जावईबुवांनी दुसरा लॅपटॉप घेतलाय, जुना, कोणाचा तरी वापरलेला. कंपनीचा कुठे गेला विचारलं तर म्हणाले, दुरुस्तीला.

लेक दमलेली दिसते. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, हल्ली रविवारचीही पाळी घेते. मी विचारलं, एवढी मरमर कशासाठी? ती म्हणाली, आवडतं मला. तिलाही त्यांनी पढवलेलं असावं.

मंगळवार, २७ जानेवारी

लिफ्टवाल्या मालकांचा फोन. त्यांची कंपनी शहरभरच्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळते. माझं बाकीचं काम किडूकमिडूक, घर चालतं ते यांच्यावर. बोलता बोलता म्हणाले, "तुमचे जावई येऊन भेटून गेले. चांगला मुलगा आहे." आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेले, जीभ चावल्यासारखे.

मी काही विचारलं नाही. विचारणारा उघडा पडतो.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड चांगलंच पोळलेलं आहे. जुन्या कंपनीत माझ्या हाताखाली तीन मुलं होती. जे येत होतं ते सगळं दिलं त्यांना. डिझाइन कसं करायचं, कुठला निर्णय का घेतला, कुठे चुकले. शनिवारी थांबून शिकवलं. त्यांना सगळं येऊ लागल्यावर साहेबांनी मला बोलावून सांगितलं की आता तुमच्या महागड्या अनुभवाची गरज राहिली नाही. निरोपाचा केक त्या तिघांनीच आणला होता.

तेव्हापासून कानाला खडा. नोकरीत तुम्ही जे करता त्याचा पगार मिळतो. स्वतंत्र कामात तुम्ही नसलात तर काय अडेल, त्याचे पैसे मिळतात. हे मी कोणाला सांगत नाही, कारण ऐकायला बरं वाटत नाही.

लिफ्टचं काय अडेल? लिहून ठेवते, म्हणजे काय चोरीला जाऊ शकतं ते डोळ्यांसमोर राहील. लिफ्टमध्ये लाल बटण असतं. दाबलं की तक्रार ऑफिसच्या मशीनकडे येते, मशीन जवळचा मेकॅनिक शोधून त्याच्या फोनवर निरोप धाडतं. सुरुवातीला पंचाईत अशी व्हायची की अडकलेली माणसं घाबरून बटण दाबतच राहायची आणि एका लिफ्टसाठी चार मेकॅनिक धावायचे. म्हणून मी नियम केला: एका इमारतीतून तक्रार आल्यावर अर्ध्या तासाच्या आत दुसरी आली तर ती पहिलीचीच समजायची आणि पुढे पाठवायची नाही. मात्र बटण दाबणाऱ्याला धीर वाटावा म्हणून आत दर वेळी बीप वाजते. ती बीप माझी कल्पना. मालक तेव्हा म्हणाले होते, बाईमाणसालाच हे सुचतं.

आता ज्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत तिथे हा नियम चालत नाही. अशा इमारती मी हातानं वेगळ्या काढते. नवी इमारत आली की ऑफिसातल्या ऑपरेटरबाई मला कळवतात आणि मी ती मशीनमध्ये घालते; तोवर मशीन तिथे एकच लिफ्ट आहे असं धरून चालतं. ते कुठे आणि कसं घालायचं, हे या जगात फक्त मला माहीत आहे. मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

सोमवार, २ फेब्रुवारी

हे रोज सकाळी फिरायला जातात. हल्ली जावईबुवा कोपऱ्यावर त्यांना भेटतात आणि दोघं तळ्याला फेरी मारतात. ऑफिसच्या वेळेला. मी गॅलरीतून पाहते. आज परत आले तेव्हा जिन्यात कुजबुज चालली होती, मी दार उघडल्याबरोबर थांबली. ह्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, दूध आणायचंय का? दूध मघाशीच आणलं होतं, ह्यांनीच.

दुपारी म्हणाले, "तू त्याला जरा शिकव ना तुझं काम. मोठ्या कंपनीतली माणसं एवढंसंच काम करतात. तू अथपासून इतिपर्यंत करतेस. त्याला उपयोग होईल."

कसला उपयोग, ते विचारलं. तर पेपरात डोकं घातलं.

म्हणून संध्याकाळी बाहेर जाताना कीबोर्डवर पेन्सिल तिरकी ठेवून गेले. परत आले तर पेन्सिल नाही. ह्यांना उभं केलं. ह्यांच्या कानामागे होती. कोडं सोडवायला घेतली म्हणाले. कोडं पाहिलं, खरंच पेन्सिलीनं भरलेलं होतं. तरी पासवर्ड बदलला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आता शंकाच उरली नाही.

सकाळी ऑपरेटरबाईंचा निरोप: डोळ्यांच्या दवाखान्याची नवी इमारत घेतली आहे, दोन लिफ्ट आहेत, कृपया घालावी. इथवर ठीक. पुढे लिहिलेलं, "तसेच इमारत कशी घालायची ते लेखी द्यावे. माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू नये, असे मालकांचे मत आहे."

माझ्याच टेबलावर, माझंच सूप पिताना उच्चारलेलं वाक्य. शब्दन्‌शब्द. मालकांचं मत म्हणे. मत कोणाचं आहे ते मला ठाऊक आहे. पोपट तेवढा नवा.

बाईंवर राग नाही, सांगितलं ते लिहिलं त्यांनी. गेली चार वर्षं आम्ही रोज फोनवर बोलतो. त्यांच्या मुलाच्या परीक्षा, माझी गुडघेदुखी. एकमेकींना पाहिलेलं नाही.

उत्तर पाठवलं: "बघते." इमारत घालायला दोन मिनिटं लागतात. घातली नाही. सोमवारी बघू. माझ्यावाचून काय अडतं ते शनिवार-रविवार जरा कळू दे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहिते.

दुपारी जेवून पडले होते. ऑपरेटरबाईंचा फोन वाजला. घेतला नाही. पुन्हा वाजला. म्हटलं, शनिवारी दुपारी बाईंची एवढी निकड कसली, लेखी हवं असणार, मालक शेजारी उभे असणार. तिसऱ्यांदा वाजल्यावर फोनचा आवाज बंद करून तो उलटा ठेवला. मग उचलून पाहिला तर जावईबुवांचे दोन फोन येऊन गेलेले. माझी खात्रीच पटली. दोन्हीकडून एकाच वेळी. ठरवून.

थोड्या वेळानं दारावरची बेल. सोडलीच नाही बोटाखालून. ह्यांनी उघडलं. जावईबुवा, घामानं निथळलेले. बस मिळाली नाही म्हणून पळत आले होते, तळ्याच्या पलीकडून. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: चला, आता उघडपणे आले.

ते म्हणाले, "आई, मालकांचा मला फोन आला, डोळ्यांच्या दवाखान्यात लिफ्टमध्ये माणूस अडकलाय. बारा वाजल्यापासून. बाईंच्या मशीनवर तक्रार पूर्ण झाली असं दिसतंय आणि ते नवीन तक्रार घेत नाहीये. त्या सगळ्या मेकॅनिकना हातानं फोन लावतायत, कोणी जवळ नाहीये."

मी उठले. खोलीत गेले, मशीन उघडलं. ते माझ्या मागे आले होते. पासवर्डची चौकट आली आणि माझी बोटं थांबली. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

ते म्हणाले, "तुम्ही उघडा. मी बघत नाही." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फळीवरच्या लेकीच्या पुस्तकांपुढे, हात मागे बांधून.

मी पासवर्ड घातला. इमारत घातली. मशीननं त्याच क्षणी अडलेल्या तक्रारीचा निरोप पाठवला. एक मेकॅनिक तीन गल्ल्या सोडून चहा पीत होता. पंधरा मिनिटांत माणूस बाहेर निघाला, असा बाईंचा फोन आला. हा मी घेतला.

तोवर जावईबुवा भिंतीकडेच तोंड करून होते. मी वळा म्हटलं नव्हतं. ते आपणहून उभे राहिले, मी सांगितलं नव्हतं, हे नोंदवून ठेवते. आमचे हे दारात होते. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा ग्लास आणला. तो त्यांना दिला. मला नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

ऑपरेटरबाईंकडून सगळं कळलं. पहिली लिफ्ट दुपारी दार न मिटल्यामुळे बंद पडली. ती रिकामी होती, तक्रार रखवालदारानं केली. मेकॅनिक आला, दार नीट केलं आणि गेला. त्याच सुमाराला दुसरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. आत एक गृहस्थ, त्याच दिवशी एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले, पट्टी बांधलेली. दुसऱ्या डोळ्यात औषध घातल्यामुळे त्यालाही धड दिसत नव्हतं. फोनला आत रेंज नाही. शनिवारचा दवाखाना लवकर बंद झाला, रखवालदार फाटकाशी जाऊन बसला. त्यांची बायको घरी वाट बघून शेवटी शोधत आली, तिनं जिन्यात हाका मारल्या तेव्हा कळलं.

त्यांनी बटण दाबलं होतं. पुष्कळदा. मशीननं प्रत्येक तक्रार पहिलीचीच धरली. आणि माझा अर्धा तास दर तक्रारीनंतर नव्यानं सुरू होतो. तसा मीच केला होता, तेव्हा हुशारी वाटली होती. म्हणजे ते दाबत राहिले म्हणून अर्धा तास कधी संपलाच नाही. गप्प बसून, अर्ध्या तासानं एकदाच दाबलं असतं, तर मेकॅनिक गेला असता.

हे कागदावर उतरवलं की सरळ हिशेब दिसतो. डोक्यात तसा दिसत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मालकांनी ऑफिसात बोलावलं. तळघरातली लांबट खोली, भिंतीला लिफ्टचे जुने दोर गुंडाळून टांगलेले. ऑपरेटरबाई आज रजेवर होत्या. मी तयारी करून गेले होते. जावयानं पाठीमागून हालचाली केल्या, तुम्ही त्यांना थारा दिलात, म्हणून माझा विश्वास उडाला आणि इमारत घालायला उशीर झाला, असं मुद्देसूद.

मला बोलू दिलं. मग म्हणाले, "बाई, तुमचे जावई डिसेंबरात माझ्याकडे काम मागायला आले होते. त्यांची नोकरी गेली, त्यांच्या विभागातल्या सगळ्यांचीच. मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंचं काम घ्या, मला निम्म्यात पडेल. खोटं कशाला बोलू, मी धंदा करतो."

मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"ते नाही म्हणाले. म्हणाले, आईंचं काम आईंकडेच राहू द्या. फक्त त्यांना ते लिहून काढायला सांगा, माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू नये. त्या आजारी पडल्या तर तुमचंही अडेल आणि त्यांनाही झोप लागणार नाही. मी त्यांचं ऐकलं. नसतं ऐकलं तर बरं, असं परवा वाटलं."

मग अट सांगितली. मार्चअखेर सगळं लेखी. इमारत घालता येणारी निदान दोन माणसं हवीत. मग पुढचं पुढे.

घरी चालत आले. वाटेत एकच विचार घोळत होता. नोकरी गेल्याचं मला मालकांकडून कळावं? माझ्याच घरातलं?

बुधवार, ११ फेब्रुवारी

लेकीला बोलावून घेतलं. हे होतेच. ह्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तळ्याच्या फेऱ्या त्यासाठीच. घरात एकट्याला बसवत नाही म्हणून हे जावयाला बाहेर काढत होते. इस्त्रीचा शर्ट घालून तो मुलाखतींना जात होता. गाडी घराच्या हप्त्यात गेली. लॅपटॉप कंपनीनं परत घेतला.

मी म्हटलं, सगळ्या जगाला माहीत आणि मला नाही. मी काय परकी? दीड महिना माझ्यासमोर नाटक केलंत तिघांनी.

लेक म्हणाली, "आई, तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हटलं, काळजी केली असती, दुसरं काय. तिनं ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला.

मी काळजीच केली असती. नोकरी गेलेला माणूस माझ्या कामाची चौकशी करतो म्हटल्यावर एखादीच्या मनात काही आलं असतं, माझ्या नसतं आलं. हे मी त्यांना पटवून द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. लेक शेवटी म्हणाली, तिला पाळीला जायचंय.

जाताना दारात थांबली. "बाबांनी सांगितलं मला शनिवारचं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता ते." एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

त्या गृहस्थांना भेटायला गेले. कोणी सांगितलं नव्हतं. पत्ता ऑपरेटरबाईंनी दिला, कुरकुरत. दुसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर, दारात पुरुषाच्या चपलांचा एकच जोड. मी कोण ते सांगितल्यावर त्यांच्या बायकोनं दार लावून घेतलं नाही, हेच पुष्कळ. या बसा असंही म्हणाल्या नाहीत.

गृहस्थ आतल्या खोलीत झोपलेले होते. डोळा ठीक आहे. दारावर थापा मारून तळवे सुजलेत. त्यापेक्षा वाईट म्हणजे, त्या म्हणाल्या, आता बाथरूमचंही दार लावून घेत नाहीत.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "मी त्यांना विचारलं, आधीच का नाही ओरडलात? तर म्हणाले, बटण दाबलं की आतून आवाज यायचा. मला वाटलं, कोणीतरी ऐकलं. दर वेळी वाटायचं, ऐकलं, येतायत. म्हणून ओरडलो नाही. ओरडायचं सुचलं तोवर दवाखाना बंद झाला होता."

मी उभीच होते. माफी मागायला गेले होते, पण तोंडातून निघालं ते असं, की तो आवाज मी बसवला होता. धीर वाटावा म्हणून.

त्या म्हणाल्या, "वाटला ना धीर."

परत येताना बसथांब्यावर बसून राहिले. दोन बस सोडल्या. इतकी वर्षं मी शिकवत आले की चांगलं डिझाइन तेच, जे माणसाला निश्चिंत करतं. ते निश्चिंत झाले होते. माझा चांगुलपणा नसता तर ते ओरडले असते आणि कोणीतरी आलं असतं.

रात्री बीप काढून टाकायला बसले, आणि काढली नाही. आता ती मेकॅनिकनं निरोप घेतला तरच वाजेल. नाही घेतला तर आत दिवा लागेल: अजून कोणी ऐकलेलं नाही, मोठ्यानं हाक मारा. आणि तक्रार इमारतीची नाही, लिफ्टची धरायची. हे चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं. तेव्हा कोणाला दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, इमारतीत दोन लिफ्ट असल्या तर काय? इतका साधा प्रश्न. पण विचारायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

जावयाला बोलावलं. ह्यांच्यामार्फत. मला फोन करवेना. आला, टेबलापासून दोन हात लांब खुर्ची घेऊन बसला. मी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली. पासवर्ड टाकताना त्यानं सवयीनं मान वळवली. मी म्हटलं, इकडे बघा, पाठ करायचाय तुम्हाला. आणि मोठ्यानं अक्षरं सांगितली. त्यानं ती लिहून घेतली नाहीत. मला वाटतं, लगेच पाठ झाली, पण त्यानं दोनदा विचारली.

शनिवारबद्दल काही बोलणं झालं नाही. मी विषय काढणार होते, तेवढ्यात त्यानं पुढचा नियम विचारला.

मी सांगते, तो लिहितो. प्रत्येक नियमाला विचारतो, हा का? काहींचं उत्तर सांगता आलं. काहींचं आठवेना. दोन-तीन नियम असे निघाले की त्यांची उत्तरं मला कधीच माहीत नव्हती. तेव्हा घाईत केले आणि नंतर रहस्य म्हणून जपले. तो हसला नाही. "कारण सापडत नाही" असंच लिहिलं, खाली तारीख घातली.

मंगळवार, ३ मार्च

तो आता रोज येतो. ह्यांची तळ्याची फेरी आटपली की थेट इथे. मालकांनी काम दोघांना मिळून द्यायचं कबूल केलंय, त्याला दुसरी नोकरी मिळेपर्यंत. दोन ठिकाणी मुलाखती झाल्यात. एक या शहरात नाही. लेकीनं ते मला लगेच फोन करून सांगितलं. लगेच सांगितलं, हे मी दोनदा म्हटलं तेव्हा ती हसली.

ऑपरेटरबाईंनाही इमारत घालायला शिकवायची आहे. आज त्या पहिल्यांदा समोर आल्या. मला वाटायचं, ठेंगण्या असतील. चांगल्या उंच निघाल्या.

शुक्रवार, ६ मार्च

मनात एक संशय आला आहे, तो लिहून ठेवते.

मेकॅनिकांच्या पाळ्या बदलतात तेव्हा तक्रार कोणाकडे जायची, हा सगळ्यात किचकट नियम. परवा मी जावयाला तो समजावला. तो म्हणाला, नाही शिरत डोक्यात. काल पुन्हा समजावला, कागदावर चौकोन काढून. तो म्हणाला, आई, उद्या परत एकदा सांगाल का? मी जुन्या कंपनीतल्या मुलांना सांगायचे तसं हात हलवून, उठून, येरझाऱ्या घालून सांगितलं होतं. हे दारातून पाहत होते. बऱ्याच दिवसांनी तुझा आवाज ऐकला, म्हणाले.

आज सकाळी मी स्वयंपाकघरात होते. त्याचा फोन चालला होता, ऑपरेटरबाईंशी. त्या काहीतरी विचारत होत्या आणि तो सांगत होता. तोच नियम. अथपासून इतिपर्यंत, न अडखळता, दोन उदाहरणं देऊन. त्यातलं एक उदाहरण माझ्यापेक्षा बरं होतं.

मी चहाचे कप घेऊन दाराशीच थांबले. म्हणजे याला पहिल्याच दिवशी कळलेलं असणार. मग परत परत का विचारतो? काय हवंय याला? ह्यांनी सांगितलं असेल का? लेकीनं? डोक्यात जुनं चक्र सुरू झालं.

मी आत गेले. त्यानं फोन ठेवला, कागद पुढे ओढला आणि म्हणाला, "आई, ते पाळ्यांचं तेवढं राहिलंय."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, "अरे, किती वेळा सांगायचं तुला? नीट ऐक आता." आणि पहिल्यापासून सांगायला लागले. त्यानं पेन उघडलं, हनुवटी तळव्यावर टेकली आणि ऐकू लागला, जणू हे त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं.